काळं पडलेलं पातं

नव्या लोखंडी सुरीने पहिला कांदा चिरला की दोन गोष्टी एकदम दिसतात. कांद्याच्या कापांना करडी-तपकिरी झाक येते आणि पात्यावर रस जिथे थांबला तिथे निळसर, जांभळट डाग उमटतात. हाताला जुन्या नाण्यांसारखा वास येतो. पुष्कळ घरांत सुरीचं आयुष्य इथेच संपतं. 'लोखंड उतरतंय' म्हणून ती माळ्यावर जाते, नाहीतर कुंडीतली माती उकरायला. खरं तर ती त्या क्षणी कुठे रुळायला लागलेली असते. तो निळा डाग घासून काढायचा नसतो, वाढू द्यायचा असतो.

आधी शब्दांचा घोळ. मराठी स्वयंपाकघरात 'स्टील' म्हणजे स्टेनलेस आणि गंजणारं ते सगळं 'लोखंड'. म्हणून आठवडी बाजारात लोहाराने मांडलेली सुरी, विळी, कोयता हे सगळं लोखंडीच. पण चांगल्या पात्यात असतं ते पोलाद, म्हणजे लोखंडात मुरलेला थोडासा कार्बन. खिडकीच्या गजात किंवा साध्या पत्र्यात कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास असतो. ते लालभडक तापवून पाण्यात बुडवलं तरी धारेला पुरेल इतकं कडक होत नाही. कार्बन अर्ध्या टक्क्याच्या वर गेला की पातं 'पाणी' धरतं, म्हणजे तापवून बुडवल्यावर कडक होतं. एवढ्याशा फरकावर धार टिकणार की नाही हे ठरतं. स्टेनलेसमध्ये शिवाय किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, आणि त्याचा डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा हवेला लोखंडापर्यंत पोचू देत नाही. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ साली असं पोलाद ओतलं. त्याआधी जगभरच्या स्वयंपाकघरांतली पोलादी पाती गंजणारीच होती आणि लोकांना ती सांभाळता येत होती.

आपल्याकडच्या स्वस्त पात्यांचा कच्चा माल बहुतेकदा ट्रकच्या कमानीचा पाटा असतो. भंगारात तो किलोवर मिळतो, त्यात साधारण ०.५ ते ०.६५ टक्के कार्बन असतो आणि जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा थोडं क्रोमियम. लाखो खड्ड्यांवरून वाकून पुन्हा सरळ व्हायचं, हेच त्या धातूचं काम. रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसणारी घिसाडी मंडळी हा पाटा भट्टीत घालतात. एक जण भाता किंवा पंखा चालवतो, एक सांडशीने पाटा ऐरणीवर धरतो आणि समोरून घण पडतो. पाऊण-एक सेंटिमीटर जाडीचं पोलाद ठोकून दोन-तीन मिलिमीटरवर आणणं हीच मोठी मेहनत. पण सुरीचं नशीब ठरतं ते त्यानंतरच्या मिनिटा-दोन मिनिटांत, पाणी देताना.

घडवलेलं पातं पुन्हा तापवतात. लोहचुंबक त्याला चिकटेनासा झाला की तापमान ७७० अंशांच्या पुढे गेलं. मुरलेल्या डोळ्याला ते चुंबकाविनाच चेरीच्या लाल रंगावरून कळतं. आणखी थोडं वर नेऊन पातं बुडवायचं. म्हणायचं 'पाणी देणं', पण कमानीच्या पोलादाला खरं पाणी दिलं तर तडकण्याची भीती असते, म्हणून तेल. जाणता कारागीर आधी फक्त धारेची बाजू बुडवतो, पाठ लाल ठेवतो. मग बाहेर काढून पातं विटेच्या तुकड्यावर पटकन घासतो, म्हणजे चकचकीत पट्टा दिसावा. आता पाठीतली ऊब धारेकडे परत सरकायला लागते आणि त्या पट्ट्यावर रंग चढत जातात: आधी फिका पिवळा, मग वाळल्या गवताचा, मग तपकिरी, जांभळा, निळा. गवती पिवळा रंग, म्हणजे २२० ते २४० अंश, धारेपर्यंत पोचला की पातं पूर्ण बुडवून तिथेच थांबवायचं. हे भाजीच्या सुरीचं. कोयत्याला रंग तपकिरी-जांभळ्यापर्यंत जाऊ देतात, कारण त्याला फांदीवरचा घाव सोसायचा असतो. आधी थांबवलं तर धार काचेसारखी उडते, उशीर झाला तर ती वळते.

हे सगळं नीट झालं आहे की नाही हे बाजारात कसं ओळखायचं? लोहचुंबकाने नाही. तो साध्या पत्र्याला, पोलादाला आणि बहुतेक स्टेनलेस सुऱ्यांनाही चिकटतो. सगळ्यात भरवशाची आहे छोटी कानस. मुठीजवळच्या कोपऱ्यात, धारेच्या कडेवर ती हलकेच फिरवा. कानस लोण्यात रुतल्यासारखी खोल चावली तर तो मऊ पत्रा आहे, सोडून द्या. कशीबशी चावत घसरत असेल तर पाणी नीट बसलं आहे. मग सुरी डोळ्यासमोर धरून टोकापासून मुठीपर्यंत नजर टाका, पीळ किंवा बाक लगेच दिसतो. पाठ मुठीजवळ दोन-तीन मिलिमीटर आणि टोकाकडे निमुळती हवी. शेवटपर्यंत सारखीच जाड असेल तर ती बटाटा कापणार नाही, फाडेल. मुठीत पात्याची शेपटी किती आत गेली आहे तेही पाहा. दोन रिव्हेट आणि पूर्ण लांबीची शेपटी असेल तर उत्तम. काळ्या खपलीला भिऊ नका. भट्टीत धरलेला तो ऑक्साइडचा थर आहे आणि धारेचा भाग सोडून बाकी पात्यावर तो राहिलेलाच बरा. दोन-तीनशे रुपयांच्या आत मिळणाऱ्या वस्तूसाठी ही पाच मिनिटं पुष्कळ झाली.

घरी आणल्यावर कोमट पाणी आणि साबणाने धुवा. कारखान्यातून आलेल्या पात्यावर गंजरोधक तेल किंवा वॉर्निशचा पातळ हात असतो, तो उकळत्या पाण्याने आणि घासणीने निघतो. मग पुसा आणि चिरायला घ्या.

आता त्या निळ्या डागाबद्दल, कारण सगळा गैरसमज तिथे आहे. लोखंडावर दोन तऱ्हेचे थर धरतात. तांबडा गंज भुसभुशीत असतो आणि मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. त्यामुळे तो फुगतो, सुटतो आणि खालचं कोरं लोखंड पुन्हा हवेला मोकळं करतो. म्हणून तो थांबत नाही. काळा-निळा थर मात्र घट्ट बसतो. तो पात्याला धरून राहतो आणि खालच्या लोखंडाकडे पाणी, हवा सहज जाऊ देत नाही. पूर्ण नाही, पण पुष्कळ. कांदा, बटाटा, कच्ची केळी, शिजलेलं मांस यांच्या रसांनी तो हळूहळू बनतो. ज्यात तुरट द्रव्य असतं ते तर लोखंडाशी मिळून थेट काळा रंग देतात. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, मिळून पूर्वी काळी शाई करत, तीच ही क्रिया. आवळा चिरताना पातं काळंशार होतं ते यामुळेच. गंज आणि हा थर यांतला फरक बोटाला कळतो. पांढऱ्या फडक्यावर घासून पाहा. तांबडं-नारिंगी उतरलं तर गंज. काहीच उतरलं नाही, किंवा जेमतेम करडी छटा आली, तर ठीक आहे.

थर आपोआप धरू द्यावा, हे माझं मत. महिनाभर रोजच्या भाज्या चिरल्या की पातं पावसाळी ढगासारखं होतं, कुठे निळं, कुठे करडं, आणि त्यानंतर कांद्याला वासही लागत नाही. घाई असेल तर चहाचा उपाय आहे. पेलाभर पाण्यात दोन मोठे चमचे चहा पावडर पाच मिनिटं उकळा, गाळून कोमट करा. पातं साबणाने धुऊन तेलाचा अंश घालवा आणि मूठ बाहेर ठेवून दोन-तीन तास त्यात उभं करा. बाहेर काढून धुवा, पुसा. तेलकट बोट लागलं असेल तिथे थर धरत नाही आणि डाग दिसतो. त्याने बिघडत काही नाही.

सांभाळण्याचं खरं कलम एकच आहे आणि ते दहा सेकंदांचं आहे: ओली ठेवायची नाही. ओट्यावर एक कोरडं सुती फडकं ठेवावं, फक्त सुरीसाठी. टोमॅटो, लिंबू, कैरी, चिंच, कोकम यांच्यानंतर लगेच पुसायची, पाच मिनिटांनी नाही. आंबट रस आधी खातो तो धारेला, कारण धार म्हणजे पोलादाचा सगळ्यात बारीक भाग. लिंबू कापून तशीच ठेवलेली सुरी काही न चिरताच सकाळी बोथट सापडते, ती यामुळे. काम झालं की धुवायची, पुसायची आणि आडवी टाकून नव्हे, तर उभी किंवा टांगून ठेवायची, म्हणजे मुठीच्या सांध्यात पाणी राहत नाही. सिंकमध्ये भांड्यांखाली रात्रभर राहिली तर सकाळी तांबडी. ते घासून निघतं. पण असं दहा वेळा झालं की बारीक खड्डे पडतात आणि धारेवर आलेला खड्डा म्हणजे दात पडलाच. डिशवॉशरचं तर नावच काढू नये.

तेल रोज लागत नाही. सुरी आठवडाभर पडून राहणार असेल, किंवा कोकणात जून ते सप्टेंबर, हवाच ओली असते तेव्हा, एक थेंब बोटाने पसरून जवळजवळ सगळा पुसून टाकायचा. तेल कोणतं हे महत्त्वाचं. शेंगदाणा, सूर्यफूल, करडई ही तेलं हवेत हळूहळू चिकट होतात आणि पातं मधासारखं चिकटायला लागतं. खोबरेल त्या मानाने खूपच कमी चिकटतं. थंडीत २४ अंशांच्या खाली थिजतं एवढंच, बोटाच्या उबेने पुन्हा पातळ होतं. औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिनही चालतं. शिवणयंत्राचं तेल नको, हे अन्नाला लागणारं पातं आहे. जवसाचं तेल सुकून कडक होतं, म्हणून ते पात्याला वाईट पण लाकडी मुठीला उत्तम.

भाज्यांचंही जरा ध्यानात ठेवावं. वांगं चिरलं की लगेच मिठाच्या पाण्यात. लोखंडाने ते काळं पडायला घाई करतं. केळफुलासाठी ताकाचं पाणी आणि पात्याला, हाताला तेल. फणसाला तर तेलाशिवाय हात घालूच नये, चीक पात्यावर रबरासारखा बसतो. बसलाच तर पाण्याने घासू नका, तेलाच्या फडक्याने पुसा, सुटतो. सुरणाच्या कंदात सुरी अडकली तर तिरकी पिळून सोडवू नका. कडक धार आडव्या जोराला टिकत नाही, तुकडा उडतो. तशीच सरळ मागे ओढायची. ग्रॅनाइटच्या ओट्यावर, स्टीलच्या ताटात चिरायचं नाही. पाट किंवा लाकडाची फळी, नाहीतर प्लॅस्टिकची.

याच बाबतीत विळीचं मोठेपण दिसतं. सुरीची धार प्रत्येक कापाला फळीवर आपटते. विळीची धार कशालाच आपटत नाही. पातं स्थिर, भाजी दोन्ही हातांत, आणि काप पूर्ण झाला की धारेपुढे नुसती हवा. त्यामुळे त्याच पोलादाची विळी सुरीपेक्षा पुष्कळ जास्त दिवस धार धरते. कोथिंबीर, अळू, मासळी, सगळं तिच्यावर होतं, आणि वर खवणी असल्यामुळे नारळही. कुठे विळी, कुठे मोरळी, गोव्यात आदोळी, नाव बदललं तरी रचना तीच. खाली बसवत नाही म्हणून ती घरांतून चालली आहे, याचं वाईट वाटतं. गुडघ्यांचा प्रश्न खरा आहे. ओट्यावर ठेवायची लहान विळी मिळते, ती वापरून पाहावी.

आता धार. लोखंडी पात्याचा खरा लाभ इथे आहे. ते साध्या दगडावर झटपट धार घेतं. हार्डवेअरच्या दुकानात आठ इंची, दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड मिळतो, एक बाजू जाड, एक बारीक. त्याला पाण्यात बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. खाली ओलं फडकं, म्हणजे सरकणार नाही. पातं दगडावर आडवं टेकवा आणि पाठ उचला. पात्याची रुंदी चार सेंटिमीटर असेल तर पाठ एक सेंटिमीटर उचलली की कोन साधारण १५ अंश होतो, चौदा मिलिमीटरला २०. करंगळीचं टोक पाठीखाली जेमतेम सरकतं, तेवढं. हा कोन हलू न देणं म्हणजेच धार लावणं, बाकी नुसतं घासणं. नवशिक्याने धारेच्या उतारावर मार्करची शाई लावावी. दोन-तीन हात मारून पाहिलं की कळतं: शाई वरच्या कडेची गेली तर पाठ फार खाली आहे, नुसती अगदी धारेवरची गेली तर फार वर, सगळी गेली तर बरोबर.

एकाच बाजूने पंधरा-वीस हात मारा, मुठीपासून टोकापर्यंत, आणि दुसऱ्या बाजूला बोटाचं पेर धारेवरून बाहेरच्या दिशेने ओढून पाहा. धारेच्या लांबीवर बारीक खरखर लागली पाहिजे. कारागीर तिला बर म्हणतात. ती सगळ्या लांबीवर येईपर्यंत बाजू बदलायची नाही. घरी लावलेली धार टिकत नाही अशी तक्रार असते, तिचं कारण नव्वद टक्के वेळा हेच: बर यायच्या आत बाजू बदलली, म्हणजे दोन उतार एकमेकांना भेटलेच नाहीत. बर आली की उलट बाजू, तितकेच हात. मग बारीक दगडावर हात हलका करत करत आठ, पाच, तीन, एक असं आलटून-पालटून. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर, नाहीतर वर्तमानपत्राच्या घट्ट घडीवर धार मागे ठेवून आठ-दहा वेळा ओढा. टोमॅटोची साल वजनानेच कापली गेली पाहिजे, दाबून नाही.

अधल्यामधल्या दिवसांत दगड काढायचीही गरज नाही. चिनी मातीची लोणच्याची बरणी उलटी करा. तळाला चकाकी नसलेलं खरबरीत कडं असतं. त्यावर दोन्ही बाजूंनी चार-चार हलके हात पुरतात. कपाच्या तळावरही होतं.

विळीला दगड हातात घेऊन धार लावायची, कारण पातं वळलेलं आणि जागचं हलत नाही. नेहमीच्या उलट बाजूने बसा, म्हणजे धार तुमच्यापासून दूर जाते. पाट पायाने दाबा आणि लहान दगड बुडापासून टोकाकडे, उताराला टेकवून न्या. फारच बोथट असेल तर आधी बारीक कानस, मग दगड. खवणीचे दात तिकोनी कानशीने एकेका खाचेत दोन-तीन हात देऊन जागे होतात, आणि खोबऱ्याचा अंश दातांत राहून खवट होऊ नये म्हणून जुना टूथब्रश हवाच.

सायकलवर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे जरूर द्या, पण समोर उभं राहून. कोरड्या चाकावर ठिणग्यांचा फवारा उडतो तेव्हा धारेचा केसाएवढा भाग क्षणात तापतो. निळा झाला म्हणजे ३०० अंशांच्या घरात गेला, आणि लोहाराने गवती पिवळ्यावर थांबवलेलं पाणी तेवढ्यात उतरलं. अशी सुरी त्या संध्याकाळी वस्तऱ्यासारखी कापते आणि चार दिवसांत वळते. दर दोन हातांनी पाण्यात बुडवायला सांगा, हात हलका ठेवायला सांगा. चांगले धारवाले हे न सांगताच करतात. एकदा निळी झालेली कड मात्र घासून घालवणं एवढाच इलाज, मिलिमीटरभर पातं गेलं समजायचं.

तांबडा गंज आलाच तर घाबरायचं नाही. वरवरचा असेल तर अर्धा कापलेला बटाटा जाड मिठात बुडवून घासा, किंवा राख आणि लिंबू. तेवढ्याने नाही गेला तर ४०० नंबरचा वॉटर पेपर, पाणी लावून, पात्याच्या लांबीच्या दिशेने, मग ६००. मुरलेल्या गंजाला व्हिनेगर. फडकं भिजवून पात्याभोवती गुंडाळा, अर्धा तास, जास्त नाही. रात्रभर ठेवलं तर व्हिनेगर चांगलं पोलादही खातं. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन आंबटपणा मारा आणि पुसून पुन्हा कांद्यापासून सुरुवात करा, कारण गंजाबरोबर काळा थरही गेलेला असतो.

मूठ हलायला लागली तर बहुतेकदा आत शेपटी गंजून फुगलेली असते. विळ्या-खुरप्यांना मूठ बसवतात तशीच ही बसते. पातं ओल्या फडक्यात गुंडाळून धरायचं, म्हणजे धारेचं पाणी उतरत नाही, मुठीच्या भोकात लाखेचा चुरा भरायचा आणि शेपटी तापवून आत दाबायची. लाख वितळते, भरते आणि थंड झाल्यावर घट्ट धरते. म्हणून अशी मूठ उकळत्या पाण्यात घालायची नाही. लाकूड बाभळीचं मिळालं तर बघावं, अवजारांच्या दांड्यांना ते उगाच वापरत नाहीत. वर्षातून दोनदा जवसाचं तेल चोळून एक दिवस सुकू द्यायचं.

दर वर्षी धारेबरोबर पातं केसाकेसाने अरुंद होत जातं. पाठीकडे ते जाड असल्यामुळे धार सरकत जाड भागात येते आणि चिरताना भाजी फाकायला लागते. तेव्हा कोन न बदलता नुसती धार लावून भागत नाही. पातं दगडावर जवळजवळ सपाट टेकवून धारेवरचा बोटभर भाग दोन्हीकडून पातळ करावा लागतो, जाड बाजूवर अर्धा तास सहज जातो. त्यात साठलेला काळा थर निघून जातो आणि पातं पहिल्या दिवसासारखं पांढरं दिसायला लागतं. मग एक कांदा घ्यायचा.